वाचकांचे प्रश्न : वाक्य अडते कुठे?

प्रश्न : मी आमच्या सोसायटीची सचिव आहे. फलकावरची सूचना कोणी वाचत नाही, मग त्याच गोष्टीसाठी दिवसभर फोन येतात. नमुना पाठवते : 'सर्व सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की, इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याच्या कारणास्तव दिनांक 12 रोजी सकाळी 10 ते दुपारी 4 या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवून सहकार्य करावे.' यात चुकते काय?

उत्तर : व्याकरण कुठेच चुकलेले नाही. पण वाक्य 40 शब्दांचे आहे आणि पाणी बंद असल्याचे कळायला 29 वा शब्द उजाडतो. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, तोवरचे सगळे वाचणाऱ्याला डोक्यात धरून ठेवावे लागते. त्यात 'इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या' असे तीन 'च्या' ओळीने आले की माणूस जिन्याकडे वळतो.

आधी 'करण्यात येते', 'घेण्यात येणार', 'ठेवण्यात येणार' यांखाली रेघ ओढा. जिथे रेघ पडेल तिथे खरे क्रियापद बहुतेक वेळा नामात लपलेले असते. इथे ते 'धुणे' आहे. 'स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार' याखाली ते दबून गेले. मग 'असून'पाशी वाक्य तोडा, कारण पाणी बंद असणे आणि पाणी भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारखेसोबत वार द्या आणि दोन्ही अगदी सुरुवातीला आणा :

'शनिवारी, 12 तारखेला, सकाळी 10 ते दुपारी 4 पाणी येणार नाही. टाकी धुवायची आहे. शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.'

हे 19 शब्द झाले, आणि पाणी कधी भरायचे हे मूळ सूचनेत नव्हते, तेही आले. 'ठेवा' रोखठोक वाटत असेल तर 'ठेवावे' लिहा. 'कृपया' एकदा पुरते.

'करण्यात आले' कायमचे हद्दपार करू नका. कर्ता ठाऊक नसेल तिथे ते योग्यच आहे. मात्र 'देखभाल शुल्क वाढवण्यात आले आहे' असे लिहिले की कोणी वाढवले हे झाकले जाते आणि लोकांना संशय येतो. 'सर्वसाधारण सभेने शुल्क 200 रुपयांनी वाढवले' असे सरळ सांगा.

प्रश्न : निवृत्तीनंतर आजीच्या आठवणी लिहीत आहे. 'आजीच्या हातची भाकरी अतिशय सुंदर आणि चविष्ट असायची' अशी वाक्ये मलाच निर्जीव वाटतात. विशेषणे कोणती वापरू?

उत्तर : विशेषणे वाढवू नका, काढा. 'सुंदर' आणि 'चविष्ट' हा तुमचा निकाल आहे. वाचकाला भाकरी पाहू द्या. आजी काय करायची, ते क्रमाने लिहा : 'आजी परातीत भाकरी थापायची. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायची. पाणी सुकत आले की उलटायची. मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी केली की भाकरी टम्म फुगायची.' एकही स्तुतीचा शब्द नाही, तरी तोंडाला पाणी सुटते.

नादाचे शब्द ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे : मोहरी तडतडते, आमटी रटरटते. पण एका परिच्छेदात एखादाच वापरा. वरच्या उताऱ्यात 'टम्म' उठून दिसतो, कारण तो एकटा आहे.

याहून मोठे बळ जोडक्रियापदांत आहे आणि लिहिताना तेच विसरले जाते. 'तिने सांगून टाकले' म्हटले की मनावरचे ओझे उतरले. 'ती सांगून बसली' यात पस्तावा आला. 'तिने सांगून ठेवले' म्हणजे पुढची तजवीज झाली. 'सांगून पाहिले' म्हटले की समोरच्याने ऐकले नसणार. एकाच 'सांगणे'चे चार प्रसंग होतात, तेही एका विशेषणाविना. तुमच्या एका पानावरची साधी 'केले', 'सांगितले', 'दिले' शोधा आणि प्रत्येकापाशी विचारा : करून टाकले, करून ठेवले, की करून बसले? जिथे साधेच रूप खरे असेल तिथे ते तसेच राहू द्या. सगळीकडे जोड लावली तर तिचा कस जातो.

प्रश्न : माझे शिक्षण इंग्रजीतून झाले. मराठी लिहिते, पण वाचणारे 'भाषांतर वाटते' म्हणतात. पटकन तपासण्यासारखे काही आहे का?

उत्तर : तीन जागा तपासा. पहिली, फुकटचा 'एक' : 'तो एक डॉक्टर आहे' नको, 'तो डॉक्टर आहे'. दुसरी, मध्येच घुसणारा 'जो' : 'माझा भाऊ, जो पुण्यात राहतो, तो उद्या येणार आहे' याऐवजी 'पुण्यात राहणारा माझा भाऊ उद्या येणार आहे'. तिसरी जागा हिंदीची आहे : 'माझी मदत कर' नव्हे, 'मला मदत कर', 'मी त्याला बोलले' नव्हे, 'मी त्याला म्हणाले' किंवा 'सांगितले'.

प्रश्न : कथेत 'केलं' लिहावे की 'केले'?

उत्तर : शासनाने 1962 साली स्वीकारलेल्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडी 'केलं' चालते, निवेदनात 'केले' लिहायचे. कथा बोलीच्या अंगाने सांगायची म्हणून पुष्कळ लेखक निवेदनातही 'केलं' ठेवतात, आणि ते वाचायला गोड लागते. तसे करणार असाल तर निवेदनात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तेच ठेवा. एकाच परिच्छेदात 'आलं' आणि 'गेले' शेजारी आले की वाचणारा गोष्ट सोडून अक्षरांकडे पाहू लागतो.