शहराने हात पुढे केलाय, तो धरा

अमेरिकेत सिएटलजवळच्या रेडमंडहून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देते.

"ताई, आमचा मुलगा २२ वर्षांचा. आमच्याबरोबर एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आला, २१ पूर्ण होताना इथेच राहून एफ-१ (विद्यार्थ्याचा दर्जा) करून घेतलं. सिएटलमध्ये शिकतो. गेल्या महिन्यात पोलिसांना त्याच्याकडे निळ्या गोळ्या सापडल्या. तुरुंगात टाकलं नाही. 'लीड' म्हणून काही कार्यक्रम आहे, त्याचा कागद दिला आणि मुलाखतीला जायला सांगितलं. हे म्हणतात, ते रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी असतं, आपला मुलगा त्या रांगेत बसणार नाही. तिकीट काढून त्याला पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं यांनी ठरवलंय, म्हणजे इथे कुणाला कळणार नाही. मुलगा खोलीबाहेर येत नाही. मी काय करू?"

पुण्याचं तिकीट काढू नका. निदान आज तरी नाही. तुमच्या यजमानांनाही हे वाचायला द्या, कारण यातला बराच भाग मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

मुक्तांगणबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. तिथे उपचार घेणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात. माझ्या धाकट्या दिराची दारू आम्ही घरच्यांनी सहा वर्षं लपवली. कधी "कावीळ झालीय", कधी "ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेलाय". लपवण्यातच त्याची आणि जाऊबाईंची उमेद संपत आली होती. व्यसन हा आजार आहे, हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं ते तिथे गेल्यावर. त्यामुळे तिथले उपचार कमी पडतील म्हणून मी तुम्हाला थांबवत नाहीये. मुलाला गुपचूप विमानात बसवण्यात तीन धोके आहेत, म्हणून थांबवते आहे.

पहिला धोका परतीचा. तुमच्या मुलाने इथल्या इथे एफ-१ केलं, म्हणजे त्याच्या पासपोर्टवर एफ-१ व्हिसाचा शिक्का नाही. परत येताना त्याला वकिलातीसमोर उभं राहावं लागेल. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटक झाली होती का आणि अमली पदार्थांचं व्यसन आहे वा होतं का, असे दोन्ही प्रश्न असतात. तिथे खोटं लिहिणं म्हणजे कायमचं दार बंद करून घेणं. खरं काय आणि कसं लिहायचं, हे निघण्याआधी वकिलाने सांगायला हवं, मुंबईत पोचल्यावर नाही.

दुसरा धोका त्या कागदावरच्या मुदतीचा. मुदत उलटली तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जातं, कोर्टाची तारीख पडते. मुलगा पुण्यात असताना तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं.

तिसरा सगळ्यात मोठा. निळ्या गोळ्या म्हणजे बहुतेक वेळा फेंटॅनिल, अफूच्या जातीचा अतितीव्र कृत्रिम पदार्थ. काही आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सवय मोडते. नंतर मोह झाला आणि आधीच्याच मापाने घेतली, तर तीच गोळी जीव घेते. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकतंच बाहेर पडलेल्या माणसाला हा धोका सर्वात जास्त असतो. पुण्याहून परतलेला मुलगा त्याच खोलीत, त्याच मित्रांत जाणार आणि इथे त्याला ओळखणारा एकही डॉक्टर नसणार, हे चित्र मला झोपू देत नाही.

आता 'लीड'कडे वळू. सिएटलच्या बेलटाउन भागात २०११ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. अमली पदार्थ सापडले की तुरुंग, सुटका आणि पुन्हा तुरुंग, या फेऱ्याला पोलीस आणि वकील दोघेही कंटाळले होते. म्हणून गुन्हा नोंदवून कोर्टात नेण्याऐवजी माणसाला थेट एका केस मॅनेजरच्या हाती द्यायचं ठरलं. सुरुवातीला पैसा खासगी संस्थांच्या देणग्यांचा होता, पुढे शहराने आणि काउंटीने तो अर्थसंकल्पातून उचलला. २०२३ मध्ये राज्याचा कायदा बदलून असे पदार्थ जवळ बाळगणं पुन्हा स्पष्टपणे गुन्हा ठरलं आणि सिएटलने आपला कायदा त्याला जुळवून घेतला. त्यातही अटकेपेक्षा उपचाराकडे वळवण्यावर भर आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 'लीड'मधल्या लोकांची तुलना नेहमीच्या वाटेने गेलेल्यांशी केली, तेव्हा पुन्हा अटक होण्याची शक्यता ५८ टक्के कमी आढळली.

तिथे पहिल्या दिवशी कुणी "शपथ घे, सोडलं म्हण" असं म्हणत नाही. वडिलांना हे पटणार नाही, मला ठाऊक आहे. पण पूर्ण सोडल्याशिवाय मदत नाही अशी अट घातली, की आजारी माणूस उंबऱ्यावरूनच परत फिरतो. केस मॅनेजर डॉक्टर मिळवून देईल, औषध सुरू करायला मदत करेल, घसरला तरी फोन उचलेल. फेंटॅनिलच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध आहे. २०२३ पासून त्यासाठी डॉक्टरांना वेगळा परवाना लागत नाही, तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टरही ते लिहून देऊ शकतो. "एक सोडून दुसरं लावतायत" असं कुणी म्हटलं तर लक्ष देऊ नका. या औषधाने तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते आणि मृत्यूचा धोका कमी होतो.

रांगेत बेघर माणसं असतील, हे खरं आहे. हा कार्यक्रम मुळात त्यांच्यासाठीच उभा राहिला. तुमचा मुलगा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसेल. त्या खुर्चीतल्या माणसालाही कुठेतरी आई आहे. आणि दोघांनी घेतलेली गोळी एकाच कारखान्यातून आलेली असू शकते.

आता ज्या एका गोष्टीत गफलत चालणार नाही ती. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात 'दोषी ठरणं' याचा अर्थ आपल्याला वाटतो त्याहून फार रुंद आहे. कोर्टात गुन्हा किंवा पुरेशी हकिगत कबूल केली आणि न्यायाधीशाने काही बंधन घातलं, की पुढे खटला रद्द झाला तरी इमिग्रेशनच्या नजरेत तो दोषीच राहतो. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात एकच सवलत आहे: स्वतःच्या वापरासाठीचा ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा, तोही एकदाच. गोळ्यांना ती लागू नाही. म्हणून आरोपपत्राच्या आधीच बाजूला वळवणारा कार्यक्रम वेगळा आणि आधी कबुली मागणारा ड्रग कोर्टासारखा मार्ग वेगळा. कानाला दोन्ही सारखेच दयाळू वाटतात, पण दुसऱ्या वाटेने तुमच्या मुलाला देश सोडावा लागू शकतो. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही समजणाऱ्या वकिलाला तो दाखवा. खटला उभा राहिलाच आणि सरकारी बचाव वकील मिळाला, तर हद्दपारीचा धोका समजावणं हे त्या वकिलाचं कर्तव्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ते सांगितलं आहे. वॉशिंग्टन डिफेंडर असोसिएशनचा इमिग्रेशन विभाग अशा बचाव वकिलांना मार्गदर्शन करतो. तुमच्या वकिलाला तिथे विचारायला सांगा.

कॉलेजचं म्हणाल, तर एफ-१ वर आजारपणासाठी डॉक्टरांच्या पत्रावर अभ्यासक्रमाचा भार कमी करता येतो, गरज पडली तर पूर्ण थांबवताही येतो. एका पदवीदरम्यान एकूण १२ महिन्यांपर्यंत. मात्र आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी, वर्ग सोडणं नंतर. मुलगा तुमच्या विम्यात २६ वर्षांपर्यंत राहू शकतो, तेव्हा पॉलिसी काढून वाचा.

आता घरातलं. अशा गोळीचा जादा डोस झाला तर तो उतरवणाऱ्या नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा आजच आणा. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. एक स्वयंपाकघरात, एक गाडीत, एक मुलाच्या खोलीत ठेवा आणि धाकटं भावंड असेल तर त्यालाही दाखवून ठेवा. मुलगा उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा श्वास येत असेल, तर ९११ ला फोन करा आणि फवारा मारा. पोलीस येतील म्हणून थांबू नका. अशा वेळी मदत मागणाऱ्यावर आणि रुग्णावर पदार्थ बाळगल्याचा खटला भरता येत नाही, असा कायदा या राज्यात २०१० पासून आहे.

दार बंद करून बसलेल्या मुलाच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते विचार येत नाहीत. तो हो म्हणाला, किंवा तुम्हाला नुसती शंका आली, तरी ९८८ या आत्महत्या रोखणाऱ्या मदतवाहिनीला फोन लावा. कर्कलंडमध्ये २०२४ पासून मानसिक संकटातल्या प्रौढांसाठी केंद्र आहे. दिवसरात्र उघडं असतं, अपॉइंटमेंट लागत नाही. काउंटीत अशी पाच केंद्रं उभी करण्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये मतदारांनी नऊ वर्षांचा प्रॉपर्टी टॅक्स मंजूर केला. तुमचं स्वतःचं घर असेल तर तुम्हीही तो भरता. त्या दारात जाताना संकोच कसला?

मुलाखतीला कोण नेणार ते आज रात्रीच ठरवा. मला वाटतं, बाबांनी न्यावं. आत मुलगा एकटाच जाईल. तो सज्ञान आहे, त्याच्या लेखी संमतीशिवाय उपचार करणारे तुम्हाला काही सांगणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका. गाडीत उपदेश नको. गप्प बसता आलं तरी पुष्कळ. परत आल्यावर काय झालं ते विचारायच्या आधी पान वाढा, आणि आज रात्री त्याच्या दाराबाहेरून एवढंच सांगा: "बाबा तुझ्याबरोबर येणार आहेत."