ऐकत नाही, की ऐकूच आलं नाही?

इंग्लंडमधल्या लीड्सहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा ४ वर्षांचा, जन्मापासून कर्णबधिर, दोन्ही कानांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानाच्या आत बसवलेलं ऐकायचं यंत्र) झालेलं. मे महिन्यात साताऱ्याला सासरी येणारेत आणि मागच्या खेपेला तिथं जे झालं त्याची धास्ती अजून मनातून गेलेली नाही. पोरगं फरशीवर लोळायचं, कानामागचं कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी इम्प्लांटची चकती) ओढून फेकायचं, एकदा आजीच्या हाताला चावलं. सासूबाई म्हणाल्या लाडावून ठेवलंय, नवरा म्हणतो त्याला बिचाऱ्याला ऐकू येत नाही कशाला रागवायचं, आणि लीड्सला परत गेल्यावर मुलाला बघणाऱ्या तिथल्या टीमने सुचवलं की आईवडिलांनी मुलाच्या वागणुकीबद्दलचं पालक प्रशिक्षण घ्यावं. ताई विचारतायत, म्हणजे आम्हीच चुकलो का?

ताई, नाही. आणि हे मी नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. ट्रेनिंग आईबापाचं असतं कारण ४ वर्षांच्या पोराबरोबर आठवड्यातून एक तास बसणारा थेरपिस्ट काय बदलणार, रोज उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्यासोबत तुम्ही असता. आणि तुम्हाला हे आपसूक यायला हवं होतं असंही नाही, दहातल्या नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापाच्या पोटी जन्मतात, आपल्या घरात कुणी असं मूल वाढवलेलं आपण पाहिलेलंच नसतं.

माझा लेक आता मोठा झालाय, पण तो ३ वर्षांचा असताना तोही कर्णबधिर, त्याच्या छातीवर ऐकायचं खिशातलं मशीन असायचं, वायरवालं. सांगलीत गणपती पेठेत माझा हात सोडून पळाला, मी मागून हाका मारतेय, थांब थांब, आणि तो सरळ पुढे. धावत जाऊन धरला आणि भर रस्त्यात पाठीत धपाटा घातला. घरी येऊन बघते तर मशीनचा सेल संपलेला. त्याला एकही हाक गेली नव्हती, त्याच्या दृष्टीने तो मजेत चालला होता आणि आईने येऊन मारलं. ते तोंड मी अजून विसरले नाही. आपल्या मराठीत 'ऐकत नाही' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात ना, तिथंच घोटाळा होतो.

म्हणून पहिलं काम सकाळचं. प्रोसेसर, म्हणजे इम्प्लांटचं बाहेरून लावायचं यंत्र, लावला की आ, ऊ, ई, म, श, स हे सहा आवाज काढून तो दाद देतोय का बघायचं, टीचर ऑफ द डेफनी, म्हणजे कर्णबधिर मुलांच्या खास शिक्षकांनी, शिकवलं असेलच, सुट्टीत हेच पहिलं सुटतं.

आता ट्रेनिंगमध्ये करतात काय ते सांगते. यातली एक नावाजलेली पद्धत शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत सुरू केली, आईने मुलाशी खेळायचं आणि काचेपलीकडून कोच तिच्या कानातल्या यंत्रात सांगत राहणार. पहिला टप्पा नुसता खेळाचा. रोज ५ मिनिटं, खेळ पोराचा, तुम्ही प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम द्यायचे नाहीत, तो जे करतोय ते बोलून दाखवायचं आणि चांगलं काही केलं की नेमकं काय चांगलं ते सांगायचं. नुसतं शाब्बास नाही, 'शाब्बास, गाडी दादाला दिलीस'. दुसऱ्या टप्प्यात सूचना कशी द्यायची ते. एकावेळी एक, थोडक्यात, काय करू नको यापेक्षा काय कर ते, आणि मग थांबायचं. हे सगळं ऐकणाऱ्या मुलांसाठी बनवलेलं, त्यामुळे आपल्याला थोडं वळवून घ्यावं लागतं आणि खरी मेख तिथेच आहे.

ऐकणारं मूल गाडीकडे बघत बघत तुमचं बोलणं ऐकतं. आपलं मूल गाडीकडे बघत असेल तर तुमचे ओठ, तुमची खूण, चेहरा, काहीच त्याला दिसत नाही, इम्प्लांटमधून आवाज गेला तरी अर्धाच लागतो. कर्णबधिर आया आपल्या बाळांशी खेळताना बघितल्यात का कधी? त्या घाई करत नाहीत, मूल मान वर करेपर्यंत थांबतात, किंवा खूण त्या खेळण्याच्या जवळ, बाळाच्या नजरेच्या टप्प्यात करतात. ते शिकायचं. समोर बसा, पाठीमागे नको. खेळणं आपल्या तोंडाजवळ आणा, मग बोला. लक्ष हवं असेल तर खांद्यावर हलकं थोपटा, जमिनीवर पाय आपटा, लाईट चालू-बंद करा, आणि डोळे भेटले की मगच सूचना. डोळे भेटले, सांगितलं, समजलं, तरी नाही केलं, तेव्हा आणि फक्त तेव्हाच त्याला 'ऐकत नाही' म्हणायचं. आणि तेव्हा मात्र माफी नाही! हे मी तुमच्या मिस्टरांसाठी लिहितेय. दया करून नियम सोडले की मूल एकटं पडतं, चुलत भावंडांना एक नियम आणि याला वेगळा, मग ती त्याला खेळायला कशाला घेतील.

कंदी पेढ्याचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या पत्रात ते तीनदा आलंय. तो किंचाळला, आजीने पेढा दिला, तो गप्प झाला. त्याला कळलं किंचाळल्यावर पेढा मिळतो, आजीला कळलं पेढा दिल्यावर शांतता मिळते, दोघांनीही एकमेकांना शिकवलं आणि दोघांचंही काही वाईट मनात नव्हतं. हे थांबवायला गेलात की पहिले काही दिवस तो आणखी जोरात रडेल, ते माहीत असू द्या नाहीतर चौथ्या दिवशी हात टेकाल आणि मग तो शिकेल की जास्त वेळ रडायचं असतं.

रडण्याच्या मध्येच समजावत बसू नका. डोळे मिटले की त्याच्यासाठी बोलणं संपलं. आणि शिक्षा म्हणून प्रोसेसर काढून घेणं, खोलीतला दिवा घालवणं, तोंड फिरवून घेणं यातलं काहीही कधी करू नका, कुणी कितीही सांगो. जगाशी असलेली त्याची तारच आपण तोडतो. नियम शांत वेळेला सांगायचे, फोटो किंवा चित्र दाखवून.

मुळात ही मुलं जास्त चिडतात ती बहिरेपणामुळे नाही, भाषा उशिरा पोचते म्हणून. मोठी माणसं आपसात बोलतात त्यातून ऐकणारी पोरं केवढं उचलतात, आत्या का रडतेय, आज बाजारात का जायचं नाही. आपल्याला ते मुद्दाम सांगावं लागतं. राग, भीती, कंटाळा, हेवा यांचे शब्द आणि खुणा द्या त्याला. मराठीत द्या, इंग्रजीत द्या, दोन भाषांनी मूल गोंधळतं ही भीती सोडा.

आता साताऱ्याचं घर. पंधरा माणसं, कुकरच्या शिट्ट्या, भांडी, टीव्ही, सोप्यातून आजोबांची हाक, परड्यातून काकाची. इम्प्लांटने एवढ्या गोंधळातून एक आवाज निवडणं फार अवघड असतं आणि दिवसभर ऐकण्याचा ताण घेऊन संध्याकाळी तो थकलेला असतो, कॉइल फेकतो ते बऱ्याचदा थकव्यानेच, त्याला 'पुरे' म्हणता येत नाही म्हणून. त्याला 'पुरे' ची खूण शिकवा आणि ती केली की पंधरा-वीस मिनिटं शांत खोलीत, ओरडण्याआधीच.

निघण्यापूर्वी सगळ्या नातेवाईकांचे फोटो लावून छोटी वही करा, कोण कोण ते रोज दोन माणसं. सासूबाईंना आत्तापासून व्हिडिओ कॉलवर घ्या, पण त्यांना चुका दाखवायला नाही, तुम्ही आणि तो ५ मिनिटं खेळताय ते नुसतं बघू द्या, मग एक दिवस म्हणा की आई, आता तुम्ही खेळा. माझ्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण समोर बसून, थोपटून बोलायचं हे त्यांना माझ्याआधी जमलं. लीड्सला ट्रेनिंगचे वर्ग असतील तर मिस्टरांना सोबत घेऊनच जा, एकट्या नका जाऊ, आणि नॅशनल डेफ चिल्ड्रेन्स सोसायटी या तिथल्या कर्णबधिर मुलांसाठीच्या संस्थेकडे वागणुकीबद्दलची माहिती मिळते तीही मागवून घ्या.

पेढ्यांचा बॉक्स पहिले आठ दिवस कपाटात वरच्या फळीवर ठेवायला सांगा. आजीला द्यायचा असेल तर देऊ दे, पण रडताना नाही, त्याने काहीतरी छान केलं की, त्याच्यासमोर बसून, त्याने मान वर केल्यावर, कशासाठी दिला ते सांगून.