पोकलेनला ट्रकचं इंजिन: एचपी नंतर, आधी गव्हर्नर बघा

दादा, तुमच्या 20 टनी जुन्या पोकलेनच्या ब्लॉकला तडा गेलाय, मूळ इंजिन 135 एचपीच्या आसपासचं आणि ट्रकचं 180 एचपीचं स्वस्तात मिळतंय. बसवू का, असं विचारलंत. बसतं, मी बसवलीही आहेत. पण ते 180 एचपी 2500 आरपीएमला असतात आणि पोकलेनचा हायड्रॉलिक पंप साधारण 2000 च्या आसपास फिरवायचा असतो. तिथे किती टॉर्क मिळतो ते बघा.

पंपाला किती ताकद लागते तेही काढा. मिनिटाला येणारं लिटर गुणिले बार, भागिले 600, म्हणजे किलोवॅट. दोन पंप मिळून 400 लिटर आणि 150 बार धरले तर 100 किलोवॅट, म्हणजे 135 एचपीच झाले. त्यावरची ताकद पंपाचा रेग्युलेटर, म्हणजे पंपाचा लोड मर्यादेत ठेवणारा भाग, घेतच नाही. ती वापरायची म्हणून रेग्युलेटरचा स्क्रू आवळू नका, पंप जाईल.

खरी अडचण गव्हर्नरची, म्हणजे लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करून इंजिनचा स्पीड सांभाळणाऱ्या भागाची. ट्रकचा ड्रायव्हर पायाने डिझेल देतो. पोकलेनच्या ऑपरेटरचे दोन्ही हात जॉयस्टिकवर असतात. बकेट दगडाला भिडली की त्या क्षणी डिझेल गव्हर्नरनेच वाढवायचं असतं. इंजिनच्या मायको डिझेल पंपावर गव्हर्नरची पाटी वाचा. नुसतं आरक्यू असेल तर तो फक्त आयडलिंग आणि टॉप सांभाळतो, मधल्या स्पीडला लोडवर इंजिन बसतं आणि रिकामं झालं की पळतं. आरएसव्ही हवा, तो मधल्या स्पीडलाही सांभाळतो. त्यावरचे आकडे डिझेल पंपाच्या आरपीएमचे, म्हणजे 1100 लिहिलं असेल तर इंजिनचे 2200.

आता जिथे मी स्वतः फसलो ते सांगतो. मुरमाच्या खाणीवरच्या एका मशीनने इंजिन आणि हायड्रॉलिक पंप जोडणारी तीन रबर कपलिंग महिन्याभरात खाल्ली. प्रत्येक वेळी फ्लायव्हीलभोवतीचं हौसिंग उघडलं की तळाला काळ्या रबराचा चुरा. मी रबरालाच दोष देत राहिलो. शेवटी फ्लायव्हीलवर बारीक फरक मोजणारा डायल गेज लावला, सुई हौसिंगच्या बोअरवर टेकवली आणि इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवलं. सुई 0.6 मिमी हलली. हौसिंग दुसऱ्या ब्लॉकवरचं होतं आणि डॉवेल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिना, न घालताच बोल्ट मारले होते. सेंटर करून 0.2 च्या आत आणलं, नवे डॉवेल ठोकले, मग चौथं कपलिंग टिकलं.

म्हणून इंजिन घेण्याआधी हौसिंगचा हायड्रॉलिक पंपाकडचा बोअर मोजा. हौसिंगच्या ठरलेल्या मापांपैकी एसएई 2 असेल तर 447.7 मिमी, एसएई 3 असेल तर 409.6. जुळत नसेल तर अडॅप्टर चांगल्या लेथवरच करा, वेल्डिंगने जोड देऊ नका.

रेडिएटर ट्रकचा चालणार नाही. ट्रकला पळताना वारा मिळतो, पोकलेन एका जागी उभं राहून फुल लोड ओढतं, त्यात ऑइल कूलरची गरम हवाही असते. इंजिनचा संप, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, तोही बघा, उतारावर सक्शनची जाळी तेलाबाहेर पडता कामा नये.

गव्हर्नरची पाटी, हायड्रॉलिक पंपाची पाटी आणि बोअरचं माप इथे टाका. तोवर बयाणा देऊ नका.