केटी लागलेल्या धाकट्यांसाठी

केटी लागली, म्हणजे एखाद्या विषयाचा पेपर राहिला, म्हणून वर्ष गेलं असं नाही. एटीकेटीच्या (‘अलाउड टू कीप टर्म्स’) नियमात बसत असशील तर पुढच्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि राहिलेला पेपर सोबत देता येतो. किती विषयांपर्यंत चालतं, हे तुझ्या कोर्सच्या नियमावलीतच बघ. मित्राच्या कॉलेजात चालतं ते तुझ्याकडे चालेलच असं नाही.

आधी मार्कशीट नीट वाच. इंटर्नल (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेचे मार्क) राहिलंय की लेखी? दोन्हींची तयारी वेगळी. इंटर्नल राहिलं असेल तर थेट विषयाच्या मॅडमना जाऊन भेट. लेखीत थोडक्यात गेलं असेल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागव, ती शिकवणाऱ्यांना दाखव, मगच रिव्हॅल्युएशनचं, म्हणजे पेपर पुन्हा तपासून घेण्याचं, ठरव. मुदत फार कमी असते, त्यामुळे निकालाच्या दिवसापासूनच नोटीस बोर्डावर लक्ष ठेव. आणि रिव्हॅल्युएशनच्या भरवशावर केटीच्या परीक्षेचा फॉर्म सोडू नकोस, दोन्ही भर! विरार-कर्जतहून येणाऱ्यांनी तर ऑफिसची खिडकी कधी उघडते ते विचारूनच निघावं. पावती जपून ठेव, तिचा फोटोही काढ.

सिलॅबस बदललाय का, हे मात्र अभ्यासाला बसण्याआधी विचार. जुन्या पॅटर्नच्या मुलांचा पेपर वेगळा असू शकतो. घरीही सांगून टाक, फी त्यांनाच भरायची आहे.