जटिलता की क्लिष्टता?

प्रश्न असा आलाय : "शिवाजी विद्यापीठात हार्टमॅनिसवर सेमिनार द्यायचाय. कॉम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटीला जटिलता म्हणू, क्लिष्टता की गुंतागुंत? आणि त्यांचं पहिलं नाव ज्युरिसच ना?"

क्लिष्टता म्हणा. जटिलता मुळीच नको. कॉम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटी म्हणजे एखादा प्रश्न सोडवायला कॉम्प्युटरला किती पावलं टाकावी लागतात त्याचं माप. "कोड लै मोठा हाय, म्हणजे कॉम्प्लेक्सिटी जास्त" हे कोल्हापुरात एवढ्यांदा ऐकलंय की आता डोकंच उठतं. फिबोनाचीच्या मालिकेचा (प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोघींची बेरीज) रिकर्शनवाला, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनचा प्रोग्रॅम घ्या, चार ओळींचा, कुणालाही एका नजरेत कळेल असा, पण त्याला 40 वी संख्या विचारली की ते फंक्शन 33 कोटींहून जास्त वेळा बोलावलं जातं, आणि तेच साधं लूप लावलं तर चाळीसेक फेऱ्यांत काम खल्लास. मग गुंता कुठाय यात? गुंता नाहीच, कष्ट आहेत.

हार्टमॅनिस आणि रिचर्ड स्टर्न्स या संगणकशास्त्रज्ञांनी 1965 च्या पेपरमध्ये नेमके हेच कष्ट मोजले. दोघं तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या प्रयोगशाळेत होते. ट्यूरिंग मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरच्या कागदावरच्या साध्या नमुन्याला, इनपुटच्या लांबीच्या हिशोबात किती पावलं टाकावी लागतात त्यावरून त्यांनी प्रश्नांचे वर्ग पाडले, आणि वेळ पुरेसा वाढवून दिला की आधीच्या वेळेत न सुटणारे काही प्रश्न सुटायला लागतात, हे सिद्ध करून दाखवलं. त्यासाठी 1993 चं ट्यूरिंग अवॉर्ड दोघांना मिळालं. पेपरच्या शीर्षकात कॉम्प्लेक्सिटी होतं, तेच नाव पुढं शाखेला चिकटलं.

आता खरी गंमत. क्लिष्ट आलाय संस्कृत क्लिश् धातूतून, त्याचा अर्थ त्रास होणं, कष्टणं. क्लेश त्याचाच भाऊ. पतंजलींनी चित्तवृत्ती 'क्लिष्ट' आणि 'अक्लिष्ट' अशा सांगितल्या, त्या काही समजायला अवघड आणि सोप्या म्हणून नव्हे, क्लेशाशी जोडलेल्या आणि न जोडलेल्या म्हणून. 'क्लिष्ट भाषा' म्हणजे दुर्बोध, हा अर्थ नंतर पसरला. जटिल मात्र सरळ जटेवरून, जटिल म्हणजे जटाधारी. कॉम्प्लेक्सिटीच्या मूळ लॅटिन शब्दातही वेणी घालणं, गुंफणं आहेच, त्यामुळं भाषांतरवाले खूश की वेणीला जटा मिळाली! मिळाली खरी, पण मोजायचे होते कष्ट आणि तुम्ही मोजताय केस. रंकाळ्याची वाट काही गुंतागुंतीची नाही, पण हजार फेऱ्या मारा म्हटलं तर कळेल क्लेश काय ते.

माझ्या बाजूनं आणखी एक साक्षीदार आहे, संगणकशास्त्रज्ञ मायकेल राबिन. त्यांनी 1960 मध्ये याच विषयावर लिहिताना फंक्शन काढायची 'डिफिकल्टी' किती, असं म्हटलं होतं. तोच शब्द टिकला असता तर जटिलता कुणाला सुचलीही नसती. हिंदीत जटिलता रुळलीय, रुळू दे, पण तिथून उचलून मराठी पुस्तकात तशीच छापणं हा निव्वळ आळस आहे, मग छापणारा कितीही मोठा तज्ज्ञ असो. गुंतागुंत हा शब्द चांगला आहे, पण तो कोडच्या मांडणीसाठी ठेवा, नाहीतर सरळ किचकट म्हणा.

हां, आणि ज्युरिस नव्हे, युरिस. जन्म 1928 चा, लाटव्हियातल्या रीगाचा, आणि लाटव्हियनमध्ये Juris मधल्या J चा उच्चार य होतो.