विचारून काढलेला फोटो: वाचकांचे प्रश्न

लासलगावला कांदा लिलावात फोटो काढायला गेलो. विचारलं की लोक ताठ उभे राहतात. न विचारता काढले तर चालतील का? (सिडको)

माणूस पहिल्या फोटोत ताठतो. तो काढा, त्याला दाखवा आणि तिथेच थांबा. बहुतेक जण फोटो झाला की लगेच पुढच्या ट्रॅक्टरकडे वळतात आणि खरा फोटो तिथेच हुकतो. लिलावात तर थांबणं सोपं. व्यापारी आणि बाजार समितीची माणसं एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतात, मागे शेतकऱ्यांचा घोळका. थोडा वेळ त्यांच्यासोबत चाललात की तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स लावा. लांबून मोठ्या झूमनं टिपणारा लगेच नजरेत येतो, मग ‘कोणत्या पेपरचे?’ म्हणून चौकशी सुरू होते, तीही चढ्या आवाजात.

भाव पुकारल्यावर शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते टिपण्याचा मोह होणारच. टिपा, पण त्याला दाखवल्याशिवाय ठेवू नका. ‘नको’ म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. मातीमोल भावानं माल गेलेल्या माणसानं तुमच्या इन्स्टाग्रामवर लाइक्स मिळवून द्यावेत, हे मला पटत नाही.

रामकुंड तर सार्वजनिक जागा. तिथे परवानगी कशाला? (पंचवटी)

गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीच्या घाटावर, एकाच वेळी कुणी फिरायला आलेलं असतं, तर कुणी दशक्रियेला. अस्थी सोडणाऱ्या, नुकतंच मुंडन झालेल्या माणसाचा फोटो काढूच नये. पाठमोरा काढला तरी त्याचं दुःख खासगीच असतं. कपडे बदलणाऱ्या बाईकडे कॅमेरा वळवणं तर थेट गुन्हा ठरू शकतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच वेळी दोषी ठरलात तर किमान १ आणि कमाल ३ वर्षं कैद आहे.

माणसंच हवी असतील तर बुधवारी या. घाटावरच्या आठवडे बाजारात भाजीवाल्या, भांडीवाले, गिऱ्हाइकांची घासाघीस, सगळं मिळेल. कॅमेरा खाली ठेवून ‘मावशी, एक काढू का?’ म्हणा. पाव किलो मेथी घेतलीत तर बोलणं आणखी सोपं होतं.

साधू, वासुदेव फोटोचे पैसे मागतात. द्यावेत? (नाशिक रोड)

वासुदेवाला दारी आल्यावर दान देतातच, मग फोटोच्या वेळीच हात आखडता का? साधूंचंही तेच. २०२७ च्या कुंभमेळ्यातल्या पर्वण्यांना वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतील, तेव्हा हा प्रश्न रोज पडेल. दक्षिणा आधी ठरवा, फोटो झाल्यावर हुज्जत नको. लहान मुलांच्या हातावर मात्र फोटोसाठी पैसे ठेवू नका. पुढच्या पाहुण्यापुढे ती हात पसरूनच उभी राहतात.

सुरगाण्याच्या पाड्यावर मुलांचे फोटो काढले. टाकू का? (गंगापूर रोड)

आईवडिलांना विचारलं असेल तरच. नाव, शाळा आणि पाडा एकत्र लिहू नका, लोकेशनही बंद ठेवा. आश्रमशाळेत मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या. मुलं स्वतःहून ‘काढा, काढा’ म्हणत होती, याला परवानगी म्हणत नाहीत.

पांढऱ्या टोपीखाली आजोबांचा चेहरा काळा पडतो. काय करू? (सिन्नर)

भर दुपारी टोपीची सावली डोळ्यांवर येते, म्हणून आजोबांना ओटीवर किंवा झाडाखाली बसायला सांगा, तोंड उजेडाकडे. कॅमेरा स्पॉट मीटरिंगवर (फक्त एका छोट्या ठिपक्यापुरता उजेड मोजणारी सोय) ठेवून गालावरचा उजेड मोजा. टोपी थोडी जळाली, म्हणजे फोटोत पांढरीफटक झाली, तर होऊ द्या, डोळे दिसायला हवेत. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्सपोजर तिथे लॉक होतं. आणि प्रिंट काढून नेऊन द्या. साधी ४ बाय ६ इंचांची पुरे, पण मॅट कागदावर काढा, चकचकीत कागदावर बोटांचे ठसे फार उठतात.