हवालदाराचं मनगट धरलं, ३५३ लागलं… आता भरतीचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. माझा लहान भाऊ डिलिव्हरीचं काम करतो आणि सोबत पोलीस भरतीची तयारी. मागच्या महिन्यात नाकाबंदीला अडवलं, लायसन्स घरी राहिलेलं, हवालदारांनी गाडीची चावी काढून घेतली, तर याने ती परत घ्यायला त्यांचं मनगट धरलं आणि झटापटीत त्यांच्या घड्याळाचा पट्टा तुटला. रात्रीच अटक. ३५३ लावलं म्हणतात. दुसऱ्या दिवशी कोर्टात मामांनी मोबाईलवर शूटिंग सुरू केलं, जजसाहेबांनी फोन काढून घेतला, संध्याकाळी समज देऊन परत दिला. भावाला जामीन मिळालाय, पण त्याची भरती गेली का? आणि मामांवर पण केस होईल का? – एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, भावाला घरात बोलणी खायला लावू नका, तो आधीच खचला असेल.

लोकांच्या तोंडात ३५३ बसलंय, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं, सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखायला हल्ला किंवा बळाचा वापर करण्याचं कलम. पण १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला त्याच्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. महाराष्ट्राने मधे ३५३ ची शिक्षा ५ वर्षांपर्यंत नेली होती, नव्या संहितेत ती २ वर्षांपर्यंत आहे. गुन्हा अजामीनपात्र, म्हणून कोर्टातून जामीन घ्यावा लागला. पण ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, अटक-तपासाचे नियम सांगणारा कायदा) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं, मग थेट अटक का केली, हे तुमच्या वकिलांना तपासायला सांगा.

आता खरी गोष्ट सांगते, गोड बोलून उपयोग नाही. नुसता वाद घातला, आवाज चढला, ‘नाव काय तुमचं’ असं विचारलं, तर त्याने १३२ होत नाही, त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. बंगळुरूच्या एका जोडप्याने ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पेजवर तक्रार लिहिली म्हणून ३५३ लावलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. पण तुमच्या भावाने मनगट धरलं, आणि तो तुटलेला पट्टा पंचनाम्यात असणारच. बचाव हाच की त्याला फक्त चावी हवी होती, ड्युटी अडवायची किंवा साहेबांना इजा करायची नव्हती. तिथल्या दुकानांचे सीसीटीव्ही लगेच बघा, फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, वकिलांकडून ते जपून ठेवण्याचा अर्ज आजच करा. फक्त अडथळा एवढंच निघालं तर कलम २२१ आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २५०० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो जामीनपात्र. आणि डिजीलॉकरमधलं लायसन्स चालतं हो, ते मोबाईलवर दाखवलं असतं तर एवढं झालंच नसतं, याचंच मला वाईट वाटतं.

भरतीचं म्हणाल तर फॉर्ममध्ये गुन्ह्याचं विचारलं की खरं लिहायचं, केस पेंडिंग आहे असं. लपवलेलं चारित्र्य पडताळणीत निघतंच आणि मग खोटी माहिती दिली हे कारण वर चढतं. लिहिलं म्हणजे घेतीलच असं नाही, पण निर्दोष सुटला तर बाजू बरीच मजबूत होते.

मामांचं. चालू कोर्टात मुद्दाम व्यत्यय आणला किंवा न्यायाधीशांचा अपमान केला तर कलम २६७, ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कोर्ट त्याच दिवशी, उठायच्या आत, स्वतःच १००० पर्यंत दंड करू शकतं. साहेबांनी समज देऊन फोन परत दिलाय म्हणजे त्यांनी तिथेच मिटवलं असं दिसतं, त्यामुळे मामांनी आता झोप उडवून घेऊ नये. ते शूटिंग मात्र कुठल्याही ग्रुपवर गेलं असेल तर आजच डिलीट करायला लावा. पुढच्या तारखेला फोन घरीच ठेवून या, आणि भावाला सांगा, पुकारा होण्याआधी दारापाशी उभा राहा.